कट्यार आणि तिचे म्यान

आमच्या घरची कट्यार दसऱ्याला पाटावर येत असे. हळद-कुंकू, पाण्याचा शिंतोडा, टोकाला टोचलेले लिंबू. संध्याकाळी वरून खोबरेल चोळून ती पुन्हा म्यानात. एका वैशाखात ती मी बाहेर काढली, तेव्हा पात्यावर तांबूस डाग होते आणि म्यानाचा सांधा उकलला होता. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत लोखंड गंजलेच कसे?

गंज हवेतला नव्हता. तो पूजेतून आला होता. लिंबाचे आम्ल, ओली हळद आणि हाताच्या घामातले मीठ आम्ही दरवर्षी म्यानात कोंडत होतो. खोबरेलही जुने झाले की चिकट आणि आंबट होते.

म्यानाचे दुखणे वेगळे. दोन पातळ फळ्या सरसाने जोडून वर मखमल किंवा चामडे चढवलेले असते. उन्हाळ्यात लाकूड आडव्या अंगाने आकसते. आतले पाते मात्र आकसत नाही. मग सांधा सुटतो. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. पोलादाला हवा जितकी कोरडी तितकी बरी, लाकडाला मात्र सुमारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, तीही शक्यतो स्थिर. एकाच पेटीत दोघांचे समाधान होत नाही.

म्हणून दोघांना वेगळे ठेवावे. जपानात तलवारीचे पाते साध्या लाकडी म्यानात ठेवतात आणि नक्षीच्या म्यानात लाकडाचे खोटे पाते. मीही तेच केले. कट्यारीला हातमोजे घालून खनिज तेलाचा अगदी पातळ हात दिला आणि सिलिका जेलसह ती बंद डब्यात ठेवली. म्यान आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवले, कूलरच्या झोतापासून दूर. त्यावर तेल नाही. मखमलीवर त्याचे डाग पडतात.

पॉलिश पेपर, चिंच, पितांबरी मात्र कधीही नकोत. घासल्याने जुन्या पोलादावरची पाण्यासारखी नक्षी पुसट होते आणि मुठीवरचे सोन्याचे काम तर अगदी वरच्या थरात असते. घासून आलेली चकाकी ते कायमचे घेऊन जाते.

आई म्हणाली, “मग पूजा सोडायची का?” यंदा कट्यार कोरड्या वस्त्रावर ठेवली आणि हळद-कुंकू तिच्यासमोरच्या सुपारीला वाहिले. आईने नमस्कार केला, आणि उठताना स्वतःच विचारले, “हातमोजे कुठे आहेत?”