परतीचा सण : खानदेशची आखजी आणि केल्टिक ‘साविन’

वैशाख शुद्ध तृतीया महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत सोनेखरेदी, दानधर्म आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची सांगता एवढ्यापुरती साजरी होते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मात्र हीच तिथी ‘आखजी’ या नावाने दिवाळीच्या तोडीची ठरते. रब्बीचे धान्य घरात आलेले असते, खरिपाच्या पेरणीला अवधी असतो आणि शेत रिकामे असते, म्हणून खानदेशी शेतकऱ्याचे वर्ष येथे संपते आणि येथेच सुरू होते. या सांध्यावर कोणी घरी परतायचे आणि कोणी मोकळे व्हायचे, याची व्यवस्था म्हणजे आखजीचा आचार होय.

पहिले परतणारे म्हणजे पितर. त्यांच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरून पुजली जाते, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि सांजोरी, आमरस, पुरणपोळी यांचा नैवेद्य दाखवतात. त्यातील घास चुलीतल्या निखाऱ्यांवर अर्पण करण्यास ‘आगारी टाकणे’ असे म्हणतात. पितृपक्षातील श्राद्धात पिंडाला जे स्थान आहे, ते येथे पाण्याला मिळते आणि त्यामागचे कारण ऋतूतच सापडते, कारण पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या दिवसांत पूर्वजाला द्यावी अशी त्याहून मोलाची वस्तू घरात नसते.

दुसरी परतणारी सासुरवाशीण. ती माहेरी येते, निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, आणि गौराईच्या गाण्यांत देवीही माहेरवाशीण होऊन शंकराच्या बोलावण्याची वाट पाहते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी याच सणावर कविता रचली. तिसरा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. त्याचे साल आखजीला पुरे होते, हिशेब मिटतो आणि जुन्या मालकाकडे राहायचे की नवा शोधायचा, हे त्याला ठरवता येते. गावोगाव रंगणारे पत्त्यांचे डावही याच मोकळिकीचा भाग आहेत.

आयर्लंडमधील ‘साविन’ या प्राचीन केल्टिक सणाची रचना याच्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून सुरू होणारा हा सण उन्हाळी अर्धवर्ष संपवून हिवाळी अर्धवर्ष आरंभतो, आणि दुसऱ्या टोकाला १ मे रोजी ‘बेल्टेन’ येतो. उन्हाळी कुरणांवर गेलेली गुरे आणि गुराखी या सुमारास गावी परतत. ‘फियाना’ म्हणजे रानात शिकार करून राहणाऱ्या योद्ध्यांच्या टोळ्या साविनपासून बेल्टेनपर्यंत लोकांच्या घरी मुक्कामाला राहत, असे आयरिश परंपरा सांगते. ‘सी’ म्हणजे अदृश्य लोकांची वस्ती असलेले टेकाड, आणि त्याची दारे या रात्री उघडतात, अशीही श्रद्धा होती.

मृतांच्या परतण्याविषयी मात्र सावध राहावे लागते. साविनच्या कथा ख्रिस्ती मठांत लिहिल्या गेल्या, आणि १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस व २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस यांनी जुन्या आचारावर आपला थर चढवला. त्यामुळे साविन हा मुळात मृतांचा सण आणि केल्टिक नववर्ष होता, या एकोणिसाव्या–विसाव्या शतकात रूढ झालेल्या मताला रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९६ मध्ये पुराव्याअभावी आक्षेप घेतला. १८९७ मध्ये फ्रान्समधील कोलिन्यी येथे सापडलेल्या कांस्यपटावरील पंचांगात साविनशी जोडल्या जाणाऱ्या ‘सामोनी’च्या तीन रात्रींचा उल्लेख आहे, पण त्या रात्री नेमके काय करीत, हे तो पट सांगत नाही.

साविनचे लेखन उपलब्ध आहे आणि आचार तर्काने जुळवावा लागतो. आखजीचा आचार डोळ्यांदेखत चालू आहे, पण त्याचे लेखन तोकडे आहे. ट्रॅक्टर आणि रोजंदारीमुळे सालदारकी आटत चालल्याने या सणाच्या तीन आधारांपैकी एक आधीच खिळखिळा झाला आहे. म्हणून घागरीची पूजा नोंदवणाऱ्या अभ्यासकाने सालाच्या बोलीचीही नोंद घ्यायला हवी. एरवी आखजीतील श्रद्धा तेवढी शिल्लक दिसेल आणि तिला तिथीशी बांधणारे श्रमाचे वर्ष मात्र आयर्लंडप्रमाणेच अनुमानाचा विषय होऊन बसेल.