गाठ कोणती? पाण्याला विचारा!

डोकं न उघडता डोक्याच्या आत काय चाललंय ते बघायचं, तेही क्ष-किरण न वापरता! मुंबईत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही मोठ्या रुग्णालयात हे काम रोज चालतं. त्या यंत्राचं नाव एमआरआय.

आत जाताना केसांतली पिन, पट्टा, किल्ल्या सगळं बाहेर ठेवावं लागतं. कारण हा गोल बोगदा म्हणजे अफाट ताकदीचा लोहचुंबक आहे. 1.5 टेस्लाचा चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट! आणि तो रात्रीसुद्धा चालूच असतो बरं का.

आता खरी गंमत ऐका. हे यंत्र साधा फोटो काढतच नाही, ते आपल्या अंगातल्या पाण्याची चौकशी करतं. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. रेडिओलहरीचा धक्का बसला की ते चुंबकात डळमळतात आणि पुन्हा जागेवर येता येता स्वतःच एक बारीकसा संदेश सोडतात. मोकळ्या पाण्यातले अणू सावकाश जागेवर येतात, चरबीतले पटकन. गाठीतल्या अणूंना लागणारा वेळ निरोगी भागापेक्षा वेगळा असतो, हे रेमंड दमादियन यांनी 1971 साली अमेरिकेत उंदरांच्या गाठींवर मोजून दाखवलं.

म्हणजे गाठ दिसली. पण कोणती? उपचार त्यावरच ठरतात!

मेनिंजिओमा नावाची गाठ मेंदूच्या आवरणातून वाढते आणि मेंदूला बाहेरून दाबते. ग्लायोमा मेंदूच्या आतच उगवतो, त्याच्या कडा बऱ्याचदा धूसर असतात. मग डॉक्टर शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या असलं काही सहसा बाहेर झिरपू देत नाहीत, पण अनेक गाठींमधल्या वाहिन्या गळक्या असतात. तिथे औषध साचतं आणि चित्रात ती जागा उजळते. मेनिंजिओमा बहुधा सगळाच्या सगळा उजळतो. ग्लायोब्लास्टोमा नावाच्या आक्रमक गाठीची मात्र वेडीवाकडी कडा उजळते, मधला भाग काळा राहतो, कारण तिथल्या पेशी मेलेल्या असतात.

पण आपल्याकडे एक मोठी पंचाईत आहे. क्षयरोगामुळेही मेंदूत गाठ होते आणि तीही अशीच कड्यासारखी दिसू शकते! ती कर्करोगाची नाही, औषधांनी बरी होऊ शकते. चूक करून कसं चालेल?

इथे मदतीला येते स्पेक्ट्रोस्कोपी. हायड्रोजन कुठल्या रेणूत बसलाय त्यावर त्याचा सूर थोडा बदलतो, जशी तंबोऱ्याची प्रत्येक तार वेगळी वाजते. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत कोलीन या पदार्थाचा सूर जोरात वाजतो, क्षयाच्या गाठीत चरबीचा. हे सूर वेगळे असतात याचा सुंदर पुरावा 1951 साली स्टॅनफर्डला मिळाला. अर्नोल्ड, पॅकार्ड आणि आपले एस. एस. धर्मट्टी यांनी अल्कोहोलच्या एकाच रेणूतल्या हायड्रोजनचे तीन वेगवेगळे सूर पकडले! पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत धर्मट्टींनी याच विषयाचं संशोधन उभं केलं. मला याचा फार अभिमान वाटतो. अल्कोहोलवर केलेला प्रयोग आज आजारी मुलांच्याही कामी येतोय.

तरीही यंत्राचा अंदाज कधी कधी चुकतो. म्हणून पक्कं निदान करायला बऱ्याचदा गाठीचा इवलासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

आणि घाटकोपर-मुलुंडच्या दोस्तांनो, तुमच्या शेजारच्या पवईत, आयआयटीच्या आवारात, ‘समीर’ ही संस्था आहे. 1.5 टेस्लाचं भारतीय एमआरआय यंत्र बनवण्यात तिचा पुढाकार आहे. त्या यंत्राच्या चाचण्यांसाठी 2025 मध्ये दिल्लीच्या एम्सशी करारही झाला.

कधी तुमच्यावर एमआरआयची वेळ आली तर घाबरू नका. आतली ठकठक म्हणजे विजेचा प्रवाह झपाझप बदलल्याने थरथरणारी तारेची वेटोळी. कानाला लावायला काहीतरी मागून घ्या, आणि अजिबात हलू नका, नाहीतर चित्र पुसट येईल.