एन.डी.ए.साठी निवड झाली. प्रबोधिनीत जाणे बंधनकारक आहे का?

बेळ्ळंदूर (बंगळुरू) : राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या गुणवत्ता यादीत नाव आले म्हणजे प्रवेश घेणे सक्तीचे झाले, असा अनेक पालकांचा समज असतो. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे वाढलेल्या बेळ्ळंदूर परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा प्रश्न येतो, कारण बारावीनंतर तोच विद्यार्थी अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीही पात्र ठरलेला असतो. प्रत्यक्षात निवड आणि बांधिलकी यांत स्पष्ट अंतर आहे.

निवडीचे टप्पे

संघ लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. लेखी परीक्षा 900 गुणांची असते. तीत उत्तीर्ण झालेल्यांची सेवा निवड मंडळाकडून 900 गुणांचीच चाचणी व मुलाखत होते. लष्कराचे असे एक निवड केंद्र बंगळुरूत आहे, तर हवाई दलाचे मंडळ म्हैसूर येथे आहे. त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि अंतिम गुणवत्ता यादी असा क्रम असतो.

या यादीतील नावांची संख्या बहुधा जागांपेक्षा अधिक असते. 2024 च्या पहिल्या परीक्षेत 400 जागा होत्या आणि 641 उमेदवार यादीत होते. त्यामुळे यादीत नाव असणे ही प्रवेशाची हमी नव्हे, तसेच ते उमेदवाराने दिलेले वचनही नव्हे. रुजू होण्याचे पत्र गुणानुक्रमे, जागा आणि वैद्यकीय पात्रता पाहून दिले जाते.

बंधन केव्हा लागू होते?

खरी बांधिलकी प्रबोधिनीत प्रवेश घेताना सुरू होते. त्या वेळी पालकांना बंधपत्रावर स्वाक्षरी करावी लागते. छात्राने स्वतःच्या आवाक्यातील कारणाने प्रशिक्षण अपुरे सोडले, शिस्तभंगामुळे त्याला काढले गेले किंवा शेवटी देऊ केलेले कमिशन त्याने नाकारले, तर प्रशिक्षणावर झालेला खर्च आणि मिळालेले वेतन व भत्ते व्याजासह वसूल करण्याचा अधिकार शासनाला आहे. ही जबाबदारी छात्र आणि जामीनदार या दोघांवर संयुक्तपणे असते.

आजारपण किंवा दुखापत ही आवाक्याबाहेरची कारणे ठरतात. मात्र प्रशिक्षणात झालेल्या इजेबद्दल भरपाई मागणार नाही, असे प्रमाणपत्रही पालकांना द्यावे लागते. अपंगत्वामुळे प्रशिक्षण सोडावे लागलेल्या छात्रांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्वतःहून दखल घेतली होती.

वेळापत्रकाची अडचण

एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या परीक्षेतून निवडलेल्यांचे प्रशिक्षण पुढील जानेवारीत सुरू होते. तोपर्यंत विद्यार्थ्याने अभियांत्रिकीचे एक सत्र जवळजवळ पूर्ण केलेले असते. सप्टेंबरच्या सुमारास होणाऱ्या परीक्षेतून निवडलेल्यांना पुढील जुलैत रुजू व्हायचे असते, म्हणजे ऐन महाविद्यालयीन प्रवेशाच्या दिवसांत. अशा वेळी भरलेले शुल्क परत मिळण्याचे नियम पालकांनी आधीच तपासून घेणे हिताचे ठरते.

अमेरिकेतील पद्धत

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या परिचयाची अमेरिकेतील पद्धत वेगळी आहे. वेस्ट पॉइंटसारख्या अकादमीसाठी बहुतेकांना तेथील संसद सदस्याचे नामनिर्देशन लागते. हे नामनिर्देशन म्हणजे केवळ विचारात घेतले जाण्याचा अधिकार होय. पुढे प्रवेश देऊ केला गेला, तरी तो नाकारता येतो. प्रवेश घेतल्यानंतरही पहिल्या दोन वर्षांत अकादमी सोडल्यास सामान्यतः सेवेचे बंधन राहत नाही. तिसऱ्या वर्षाच्या प्रारंभी मात्र विद्यार्थी सेवेला बांधला जातो. भारतातील बंधपत्रात असा दोन वर्षांचा मोकळा काळ नाही.

निर्णय कधी घ्यावा?

म्हणूनच खडकवासल्याच्या प्रवेशद्वारापाशी पोहोचण्यापूर्वी घरात निर्णय पक्का झालेला असावा. तीन वर्षे प्रबोधिनीत आणि त्यानंतर संबंधित सेवेच्या अकादमीत प्रशिक्षण घेतल्यावर मिळणारे कमिशन कायमस्वरूपी असते. पुढे राजीनामाही शासनाच्या मंजुरीनेच देता येतो. जायचे नसल्यास तसे वेळेवर लेखी कळविणे उचित होय. गुणवत्ता यादीत खाली असलेला दुसरा एखादा विद्यार्थी त्याच जागेची वाट पाहत असतो.