संप्रेरके, मन आणि लिंगभाव

बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललिता साळवे मनाने पुरुष होत्या; तपासणीत ‘वाय’ गुणसूत्र आढळले. २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन त्या ललित झाल्या.

मातेच्या उदरात सुमारे आठव्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, पुरुषदेह घडवू लागते. मेंदूवरही त्याचा प्रभाव पडतो. त्यात बिघाड झाल्यास बाह्य लक्षणे संदिग्ध राहू शकतात. तथापि, केवळ संप्रेरकांवरून मनातील लिंगभाव ठरत नाही.

व्हॅटिकनने २०२४ च्या ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या घोषणापत्रात लिंगबदल अमान्य केला. मात्र जननेंद्रियांतील दोषांवरील उपचारांना मुभा ठेवली.

नवापूर-बोईसर परिसरातील पालकांना आम्ही विनवितो : अशा लेकराला लपवू नका, हिणवू नका, वेळीच तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. तेही परमेश्वराच्याच प्रतिरूपात घडले आहे.