रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत कळ का?

रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे आमच्या आपाच्या शिलाई मशीनला उसंत नाही. गेल्या वर्षी ईदला चार दिवस उरले असताना सहेरीच्या वेळी तिने छातीच्या डाव्या बाजूला हात दाबून धरला. कळ खांद्यातून दंडात आणि थेट करंगळीपर्यंत जात होती. कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं नजर, फूफींनी ओव्याची डबी पुढे केली. आम्ही तिला तडक दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक होता. ट्रोपोनिनसाठी काही तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासलं, तेही ठीक. पुढे इको आणि स्ट्रेस टेस्टही झाली. हृदयात काही नाही, असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. कळही तिच्याबरोबर घरी आली.

खरा त्रास तिथून सुरू झाला. रिपोर्ट नॉर्मल आले की आपल्या घरांत बाईचं दुखणं "मनाचं" ठरतं. आम्हीही तेच केलं, हे कबूल करायला हवं. "आपा, टेन्शन घेऊ नकोस," एवढंच आम्ही म्हणत राहिलो. काही दिवसांनी तिने सांगायचंच सोडलं. सजद्यातून उठताना हात टेकला की तिचा चेहरा आक्रसायचा, तेवढ्यावरून कळायचं.

दोन महिन्यांनी, मान दुखते म्हणून, ती एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेली. त्यांनी खांद्याच्या पुढच्या बाजूला, हसळीच्या खाली, एका जागी बोट दाबलं आणि आपा ओरडली, "हीच! हीच ती कळ!"

या दुखऱ्या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. स्नायूत दोरीसारखा ताणलेला एक पट्टा हाताला लागतो आणि त्यात एक जागा अतिशय हळवी असते. गंमत अशी की ती दाबली की दुखतं भलतीकडेच. छातीच्या मोठ्या स्नायूखाली एक लहान स्नायू असतो. तो वरच्या बरगड्यांपासून खांद्याच्या हाडापर्यंत जातो. त्यातली कळ छातीत, खांद्यात आणि हाताच्या आतल्या बाजूने अनामिका-करंगळीपर्यंत उतरू शकते. हृदयाच्या दुखण्याची वाटही बरीचशी हीच, म्हणून घोटाळा होतो. तासन्‌तास पुढे वाकून शिवणं, मोबाइलवर मान झुकवून बसणं, लेकराला एकाच कडेवर घेणं, जोराचा खोकला, अशा कारणांनी हे स्नायू आखडतात.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांचं नाव मोठं आहे. 1961 मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर झाल्या. केनेडींच्या पाठदुखीवर त्या आधीपासूनच उपचार करत होत्या. सेमूर रिन्झलर या हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी छातीच्या स्नायूंच्या वेदनेचा अभ्यास केला आणि पुढे 1983 मध्ये डेव्हिड सिमन्स यांच्याबरोबर या दुखण्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. ट्रिगर पॉइंटच्या आत नेमकं काय घडतं, यावर डॉक्टरांत आजही वाद आहे. नेहमीच्या एक्स-रेत तो दिसत नाही, बोटांनीच शोधावा लागतो, आणि दोन तपासणाऱ्यांचं एकमत होईलच असं नाही.

पण एक गोष्ट ठासून सांगतो. ज्यांना खरोखर हृदयविकार आहे, त्यांच्याही छातीच्या स्नायूंत अशा जागा तयार होतात. म्हणजे दाबल्यावर दुखलं, चोळल्यावर बरं वाटलं, एवढ्यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. छातीवर दडपण, घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, अचानक गळून गेल्यासारखं वाटणं, यांपैकी काहीही झालं तर 108 ला फोन करा. बायकांमध्ये छातीत फारसं न दुखताही झटका येऊ शकतो. पहिला ईसीजी ठीक असला तरी डॉक्टर थांबायला सांगतात तेव्हा थांबा. ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. आणि स्तनात गाठ लागली तर ती स्नायूची समजून चोळत बसू नका, दाखवून या.

आपाला सांगितलेले उपाय अगदी साधे होते. दहा-पंधरा मिनिटं कोमट शेक. मग दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी कोपरापासून हात टेकवून एक पाय पुढे टाकायचा आणि छाती हलकेच ताणायची. वीस-तीस सेकंद, तीन वेळा, झटके न देता. दुखरी जागा बोटांनी हळुवार दाबायची, अंगठ्याने खुपसायची नाही. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबणंही नको.

सर्वांत जास्त फरक मात्र बसण्याच्या उंचीने पडला, असं आपा म्हणते. मशीनचं टेबल तिला उंच पडायचं, म्हणून खांदे सारखे कानाकडे चढलेले असायचे. आम्ही खुर्चीवर जाड उशी बांधली आणि अर्ध्या तासाने उठायचं ठरवलं. आता ते काम तिच्या धाकट्या लेकीकडे आहे. घड्याळात वेळ झाली की ती येऊन मशीनचं बटनच बंद करते. कळ महिन्याभरात बरीच कमी झाली. या ईदला आपाने शिलाईची कामंही कमी घेतली. तीन गिऱ्हाइकं रुसली आहेत.