दात नसलेल्या बाळाला दातवाला जंत

गोड खाल्लं की जंत होतात, हे आजीचं ठाम मत. अंकुशकृमीला मात्र पेढ्याशी काही देणंघेणं नाही. त्याला हवी ओली, सावलीतली माती आणि अनवाणी पाय. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे भाताच्या आवणीच्या दिवसांत दोन्हींचा सुकाळ!

अळी कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात येते आणि गिळली की आतड्यात मुक्काम. हा रस्ता कळला तो सांडलवंडीतून. १८९८च्या सुमारास कैरोत आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं. हात खाजला, आणि पुढे त्याच्याच शौचात अंडी सापडली.

मग अजून पाऊलही न टाकणाऱ्या बाळाला जंत कसा गाठतो? आई चिखलात वाकलेली, बाळ बांधावर गोधडीवर. गोधडी सोडून मातीत रांगायला कितीसा वेळ लागतो? शिवाय मूठभर माती तोंडात जाते ती वेगळीच, आणि अँकायलोस्टोमा ड्युओडिनेल ही जात तोंडावाटेही आत येते. एक शक्यता दुधाचीही. कुत्रीच्या दुधातून तिच्या पिल्लांत अंकुशकृमीच्या अळ्या उतरतात. माणसातही तसं घडत असावं, असा संशोधकांना संशय आहे. (म्हणून कुणी अंगावरचं दूध तोडू नये!)

ड्युओडिनेल जातीला खरोखरचे दात असतात. एक जंत दिवसाला ०.२ मिलीपर्यंत रक्त पितो. शंभर जंत म्हणजे २० मिली. पाच किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ४०० मिली.

बाळाच्या पोटात एकही जंत नसला तरी ते सुटतं असं नाही. गरोदर आईचं रक्त जंतांनी आटवलं, तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. म्हणून पहिले तीन महिने उलटल्यावर आईलाच जंताची गोळी देतात.

चाट पाडणारी गोष्ट १९७३ सालची, पश्चिम बंगालमधली. कोरड्या दिवसांत अळ्या माणसाच्या अंगात निजून राहतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाढू लागतात, असं तिथे दिसलं. मृगाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखाच हिशेब. अंडी बाहेर पडतात तेव्हा माती ओलीच!

अंगणवाडीत वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी मिळते, त्यापुढे पूर्ण. वर्षाच्या आतल्या बाळाला ती मिळत नाही. त्याचं औषध डॉक्टरच ठरवणार. वावडिंगाचं दूध गोळीची जागा घेत नाही. बाळ पांढुरकं पडलं, शी डांबरासारखी काळी झाली, तर थेट दवाखाना गाठा. जाताना लोहाच्या थेंबांची बाटली सोबत न्या, कारण त्या थेंबांनीही शी काळी होते.