काळा दगड जिथे संपतो

नागपूरची सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा हा बेसॉल्ट इथून पश्चिमेला थेट मुंबईपर्यंत पसरला आहे. नागपूरच्या आसपास मात्र त्याची कड येते आणि कामठी, उमरेडकडे त्याच्याहून जुने गोंडवनाचे गाळखडक सापडतात. महाराष्ट्राच्या जमिनीखाली तेल किंवा वायू आहे का, हे शोधणाऱ्यांना नागपूर म्हणूनच महत्त्वाचं. पश्चिमेला जे झाकलेलं आहे, ते इथे हातात घेऊन पाहता येतं.

ही पाहणी जुनी आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी हा परिसर पायी तुडवला आणि त्यांचा नागपूरच्या भूरचनेवरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. हिस्लॉप कॉलेजमुळे नाव सर्वांना ठाऊक असतं. या कामाची आठवण फार थोड्यांना असते, याचं वाईट वाटतं.

आजही काम सुरू होतं ते नाल्याच्या काठावर. पावसाळा सरला की हातोडा, भिंग आणि क्लायनोमीटर घेऊन थर किती आणि कुठल्या दिशेला कलले आहेत ते मोजायचं, जाडी नोंदवायची, नमुने पिशवीत भरून त्यांवर जागा लिहायची. शोध चार गोष्टींचा असतो: सेंद्रिय द्रव्य असलेला काळा शेल, वायू साठवेल असा सच्छिद्र वालुकाश्म, त्यावरचं घट्ट झाकण आणि साठा अडकून राहील अशी थरांची घडी किंवा भेग. वरवरचा नमुना ऊनपावसाने बदललेला असतो, म्हणून खोदून ताजा दगड काढावा लागतो. मग प्रयोगशाळेत त्यातला सेंद्रिय कार्बन मोजतात आणि तो किती तापला होता ते ठरवतात. तेल साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला तयार होतं, त्यापुढे वायू.

गोंडवनाच्या या थरांत मुख्यतः ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पतींचा पाला गाडला गेला. अशा पाल्यापासून तेलापेक्षा वायूच जास्त मिळतो, म्हणून इथे मुंबई हायसारख्या तेलसाठ्याची आशा मी धरणार नाही. कोळशातल्या मिथेनचं तसं नाही. मध्य प्रदेशात शहडोलजवळच्या सोहागपूर क्षेत्रात याच गोंडवनाच्या कोळशातून २०१७ पासून वायूचं उत्पादन सुरू आहे.

खरी अडचण पश्चिमेला. भूकंपमापनाच्या लहरी बेसॉल्टच्या थरांत विखुरतात, खालचं चित्र धूसर येतं. म्हणून गुरुत्वाकर्षणाची आणि मॅग्नेटोटेल्युरिक मापनं जोडीला घ्यावी लागतात. तरीही अंदाज चुकू शकतो. कोयना भागातल्या वैज्ञानिक विंधनात सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट पार केल्यावर गाळखडक लागलाच नाही, थेट ग्रॅनाइट लागला. लाव्हाखाली सगळीकडे गाळ असेल असं धरून चालणं त्यामुळे धोक्याचं आहे. कामठी-उमरेडच्या थरांचा कल पश्चिमेकडे कुठवर जातो, हे आधी उघड्या खडकांवर पक्कं करायचं आणि मगच यंत्र उभं करायचं.